घरच्या माणसाचं कार्ड

रविवारी क्लिनिक बंद असतं, म्हणून रविवारी सगळे क्लिनिकमध्येच जमले. मंगळवारी सकाळी अकराला तपासणी होती. चेहऱ्याला सुई लावणाऱ्या, लेझर मारणाऱ्या प्रत्येक लहानसहान क्लिनिकनं नव्या नियमांखाली पुन्हा नोंदणी करून घ्यायची, असं पत्र दीड महिन्यापूर्वीच आलं होतं. सोबत सात पानी यादी होती. ती यादी या घरानं आधी घडी करून ठेवली, मग शोधली, मग एकमेकांवर ढकलली, आणि आता दोन दिवस उरल्यावर दादा ती उभ्यानं, मोठ्यानं, एका दमात वाचत होता. दुसऱ्या पानावर आत्या म्हणाल्या, बाबा रे, मध्ये श्वास घे, नाहीतर आजचा पहिला पेशंट तूच.

आत्यांना असं बोलायचा अधिकार होता. चौतीस वर्षं त्यांनी मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून काढली होती, आणि निवृत्त झाल्या तरी समोरच्याच्या तोंडाआधी त्याच्या नखांकडे बघायची सवय गेली नव्हती. त्या पिशवीतून स्वतःचा एप्रन घेऊन आल्या होत्या. तो चढवून त्यांनी तडक तातडीच्या औषधांचा डबा उघडला. अंगावर एकदम गांधी उठून श्वास कोंडला तर द्यायचं जे इंजेक्शन असतं, त्याची मुदत कधीच उलटून गेली होती. ते त्यांनी एक अक्षर न बोलता डॉक्टरच्या पुढ्यात आणून ठेवलं, मांजर उंदीर आणून ठेवते तसं. औषधांच्या फ्रिजमधून दादाची अर्धी प्यायलेली सरबताची बाटली निघाली. तीही त्याच रांगेत गेली.

डॉक्टर म्हणजे दादाची धाकटी बहीण, घरातलं शेंडेफळ. पाटीवर तिचं नाव आहे, पण येणाऱ्या बायका निम्म्याअधिक माईंच्या ओळखीच्या. माईंनी याच जागेत एका खुर्चीचं पार्लर काढलं, नवरा गेल्यावर लोकांच्या भुवया कोरून दोन पोरं वाढवली, मुलीला त्वचेची डॉक्टर केली आणि मग एक दिवस पार्लरची पाटी उतरवून क्लिनिकची चढवली. स्वतः मात्र कुठं हलल्या नाहीत. आजही त्या त्याच जुन्या खुर्चीत बसल्या होत्या आणि पडदे धुवायला हवे होते, असं दर पंधरा मिनिटांनी म्हणत होत्या.

राहिली वहिनी. दादाची बायको. गेली पंधरा वर्षं बाहेरच्या टेबलावर तीच. फोन, वेळा, कार्डं, रजिस्टरं, सगळं तिच्या हाताखालून जातं. नणंदेला ती क्लिनिकमध्ये मॅडम म्हणते, घरी वन्सं म्हणते, आणि आजच्यासारखं क्लिनिकमध्ये घर येऊन बसलं की शक्यतो काहीच म्हणत नाही.

बारापर्यंत कामं बरी चालली. हत्यारं निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये टाकायच्या पट्ट्या, आत पुरेसं तापलं की ज्यांचा रंग बदलतो त्या, आत्यांना वहीत तारीखवार चिकटवलेल्या मिळाल्या आणि त्यांनी वहिनीकडे बघून मान डोलावली. ही मान वर्षातून एखाद वेळेलाच डोलते. वहिनीनं ते पाहिलं आणि पुढची वही काढली.

मग डॉक्टरनं घटनांचं रजिस्टर ओढलं.

उपचारातून कुणाला इजा झाली तर ती या रजिस्टरमध्ये लिहायची. महिन्याभरात काही झालं नाही तर त्या महिन्याच्या ओळीत 'निरंक' लिहून सही करायची. अर्जातला शेवटचा रकाना यावरूनच भरायचा होता: गेल्या चोवीस महिन्यांत किती घटना. खाली डॉक्टरची सही, आणि सहीखाली बारीक अक्षरांत, माहिती खोटी आढळल्यास नोंदणी रद्द. डॉक्टर तिथं शून्य घालणार होती. तिनं तसं ठरवलं होतं असं नाही, गृहीत धरलं होतं. या घरात बऱ्याच गोष्टी नुसत्या गृहीत धरल्या जातात, त्यामुळे त्या कुणी ठरवल्या म्हणून भांडायचीही सोय राहत नाही.

वहिनीच्या गोल अक्षरात पानभर निरंक, निरंक. डॉक्टर बोट फिरवत खाली आली. तेवीस. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवीस. मधल्या एका ओळीत महिना लिहिलेला होता आणि पुढं काहीच नव्हतं.

"वहिनी, इथं राहिलंय बघ."

"राहिलं नाही," वहिनी म्हणाली. "ठेवलंय."

दादाचं वाचन थांबलं. माईंनी पडद्यांवरून नजर काढली आणि स्वतःच्या हातांवर आणली. कुठल्या महिन्याची ओळ ते कुणीच विचारलं नाही, कारण सगळ्यांना ते माहीत होतं.

या घराचा एक नियम आहे. नवीन काही आलं, मग ती क्रीम असो, सुई असो की मशीन, ते आधी घरच्यांवर करून बघायचं. पार्लरच्या दिवसांपासूनचा नियम, माईंचा. परक्या बाईच्या चेहऱ्यावर शिकायचं नाही, हा त्यामागचा विचार, आणि विचार वाईट नव्हता. सुरकुत्यांचं पहिलं इंजेक्शन दादाच्या कपाळावर झालं तेव्हा त्याची डावी भुवई दोन महिने खाली बसली. पासपोर्टचा फोटो नेमका त्याच काळातला, त्यामुळे अजून प्रत्येक विमानतळावर त्याला बाजूला घेतात. आत्यांच्या मानेवरच्या चामखिळी अशाच गेल्या. हसण्यावारी न्यायच्या गोष्टी. पण नियमाला एक शेपूट होतं: घरच्यांचं कार्ड काढायचं नाही. घरची माणसं काय गिऱ्हाईक आहेत, असं माई म्हणायच्या. परकी बाई आली की वहिनी तिला अकरा प्रश्न विचारणार, त्वचा कुठल्या प्रकारची ते लिहिणार, मग कानामागं एकच शॉट मारून तिला अठ्ठेचाळीस तास थांबवणार. घरच्यांना हे सगळं माफ.

अकरा महिन्यांपूर्वी नवं लेझर आलं. डॉक्टर दोन दिवस परिषदेला बाहेरगावी होती. कंपनीच्या माणसानं स्वतःच्या गोऱ्या दंडावर मशीन चालवून दाखवलं, चहा घेतला आणि गेला. दुपारची वेळ, पेशंट कुणी नाही. माई वहिनीला म्हणाल्या, ये गं इकडं, तुझ्या हनुवटीवरचे ते चार केस काढून टाकते. मशीनचा जोर त्या माणसाच्या दंडासाठी लावला होता तेवढाच राहिला होता आणि वहिनी चांगली सावळी, तिला तो कमी हवा. कानाखालून हनुवटीपर्यंत सात शॉट. सात ठिकाणी कातडी गेली, आणि बरी झाली तेव्हा जबड्याच्या रेषेवर शर्टाच्या बटणाएवढे सात डाग राहिले, आधी काळे, आता कडेनं पांढुरके.

बायका विचारायच्या तेव्हा वहिनी सांगायची, स्वयंपाक करताना वाफ लागली. हे उत्तर दादानं शोधलं होतं. इतक्या वेळा ते दिलं गेलं, की घरातही सगळे वाफ म्हणायला लागले. वाफेचं कसं आहे, वाफेवर क्रीम लावलंस का. डॉक्टरही तसंच विचारायची.

दादानं खुर्ची ओढली आणि वहिनीसमोर बसला. तो ओरडणाऱ्यांतला नाही. त्यानं समजुतीचा सूर लावला, जो कंपन्यांच्या माणसांशी बोलताना लावतो. म्हणाला, एक शब्द लिहायचाय, नेहमीचाच. बाकीचं मी बघतो. मशीनच्या मेमरीत त्या दिवसाचे शॉट आहेत, तारीख-वेळेसकट, पण कंपनीचा माणूस उद्या येऊन ते पुसून देणार आहे, बोलणं झालंय. मंगळवारी हे लोक दोन तास बसतील, जातील. आणि लिहिलं तर काय होईल तेही त्यानं सांगितलं. नियमाप्रमाणे लेझर एकतर डॉक्टरनं चालवायचं किंवा शिकून नोंद झालेल्या माणसानं. माईंकडे दोन्ही नाही. म्हणजे खोलीला सील, माईंच्या नावानं नोटीस, आणि लेझरची खोली बंद म्हणजे अर्धं क्लिनिक बंद. तो खोटं सांगत नव्हता. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, म्हणूनच वहिनीला ते फार जड गेलं.

आत्या या घरात राहत नाहीत. त्यांना अकरा महिन्यांपूर्वी वाफच सांगितली होती. आता त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. त्या कडक सिस्टर, त्या वहिनीची बाजू घेतील असं डॉक्टरला वाटलं आणि तिला आधीच धास्ती भरली. पण आत्या म्हणाल्या, माईंचं नाव कागदावर यायला नको. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला चौकशीला बोलावतील. ओळ तशीच कोरी राहू दे, विसरलं म्हणून सांगू. अख्खं आयुष्य इतरांच्या कोऱ्या ओळी पकडण्यात गेलेल्या बाईनं असं म्हणावं, याचं खुद्द त्यांनाही नवल वाटलं असावं, कारण म्हटल्यावर त्या एप्रनचा खिसा चाचपत बसल्या.

 डॉक्टरला आत कुठंतरी हलकं वाटत होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती. त्या दिवशी आपण इथं नव्हतो, एवढं एक वाक्य ती अकरा महिने जवळ बाळगून होती. आल्यावर तिनंच जखमा साफ केल्या, मलम दिलं, रोज रात्री घरी उजेडात पाहिलं. जे करायचं ते सगळं केलं. फक्त कुठं लिहिलं नाही. आता शून्य लिहिलं आणि सापडलं, तर नोंदणीच जाणार. एक लिहिलं, तर आईला स्वतःच्या सहीनं पुढं करायचं. यातून तिसरी वाट काढायला या घरात नेहमी वहिनीलाच सांगितलं जातं, आणि आत्ताही सगळे तिच्याकडेच बघत होते.

हा सगळा वेळ माई आपल्या हातांकडे बघत होत्या.

हे हात म्हणजे माईंची डिग्री. धाग्यानं भुवया कोरताना डोळे मिटूनही त्यांची रेष चुकायची नाही. सुईनं केसाचं मूळ जाळायचं मशीन आलं तेव्हा ते त्यांनी पुस्तकाशिवाय, नुसतं बघून उचललं. लेक डॉक्टर झाल्यावर तिनं पहिलं इंजेक्शन दिलं तेव्हा माईंनी मागून तिचं मनगट धरलं. त्या दुपारनंतर माईंनी लेझरच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. गुडघ्यांचं कारण सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी ते लगेच मानलं, याचंही त्यांना वाईट वाटलं होतं. त्या दुपारी सून काही बोलली असेल तर ते मशीनच्या पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असं त्या अकरा महिने स्वतःला सांगत होत्या. आता चारचौघांत आपलं नाव, आपला हात, आपली नोटीस असं चाललेलं त्यांना सहन होईना.

"चाळीस वर्षांत माझ्या हातून एक चेहरा बिघडला नाही," माई म्हणाल्या. "एक नाही. विचारा गावभर. मशीनमध्येच काहीतरी होतं. आणि दुखत होतं तर हिनं एकदा तरी म्हणायचं होतं, मी हात थांबवला नसता का?"

वहिनी उठली. तिनं टेबलावरचा कापूस घेतला, मेकअप उतरवायचं पाणी त्यावर ओतलं आणि कानाखालून हनुवटीपर्यंत एकदा, दोनदा, तीनदा पुसलं. रोज सकाळी अर्धा तास घालून ती जे झाकत होती ते खिडकीच्या उजेडात उघडं पडलं.

"माई, मग हा चेहरा कुणाचा आहे?"

 आत्या पुढं झाल्या, हनुवटीला बोट लावून त्यांनी तो चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "वाफेनं एकासारखे एक सात गोल भाजत नाहीत. हे मला वर्षभर कळत होतं. मेकअपखालीसुद्धा दिसायचं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं." त्यांनी बोट काढून घेतलं. "ओळ कोरी ठेवायचं मी बोलले ते परत घेते."

दादा म्हणाला, आत्या, तुम्हीसुद्धा. मग बायकोकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, तू घरची आहेस."

"म्हणूनच भाजले," वहिनी म्हणाली. "रस्त्यावरून कुणीही बाई आत आली असती तर तिला मीच अकरा प्रश्न विचारले असते. दोन दिवस थांबवलं असतं. मी घरची, म्हणून मला दोन मिनिटंही मिळाली नाहीत." ती एका दमात बोलत होती, पण आवाज चढला नव्हता. "मला कुणाला धडा शिकवायचा नाही. खोली बंद झाली तर माझ्याही पोटावर पाय येतो, मला काय कळत नाही? पण तिथं निरंक माझ्या हातानं लिहायचं म्हणजे काही झालंच नाही असं मीच सांगायचं. तेवढं नाही होत माझ्याच्यानं. अकरा महिने रोज प्रयत्न केला. नाही होत."

ती टेबलाच्या मागं गेली, खणातून एक कोरं कार्ड काढलं आणि डॉक्टरसमोर ठेवलं. मग वळसा घालून पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसली. पंधरा वर्षांत ती त्या खुर्चीत एकदाही बसली नव्हती.

"माझं कार्ड काढा, मॅडम."

डॉक्टरनं पेन उघडलं. कार्डाचा नंबर चार हजार तीनशे अठरा. नाव, वय, पत्ता. पत्ता तिचा स्वतःचाही तोच होता. तरी तिनं विचारला आणि वहिनीनं पूर्ण सांगितला, मजल्यासकट. दादा मध्ये काहीतरी म्हणायला गेला तर आत्यांनी त्याला सांगितलं, की पेशंट तपासताना बडबड करायची नाही, बसायचं असेल तर सोबत आलेल्यांच्या खुर्चीवर बस. तो उभा राहिला थोडा वेळ. मग खरंच जाऊन त्या खुर्चीवर, बायकोच्या शेजारी बसला.

कुठली ॲलर्जी. नाही. त्वचेचा प्रकार. डॉक्टरनं मान वर करून वहिनीचा हात उजेडात धरला, नीट पाहिला, लिहिलं. जुने आजार. वहिनीनं एक सांगितला, जो डॉक्टरला माहीत नव्हता. चार वर्षं झाली होती त्याला, वहिनी म्हणाली, बाहेरून औषध घेते. डॉक्टरनं तेही लिहिलं. आपण हिच्या हातचं रोज जेवतो आणि हिला काय होतंय हे आपल्याला कार्डावरून कळतंय, असं तिच्या मनात आलं आणि तिचे कान तापले.

"उपचाराच्या सुमारास कुठली औषधं चालू होती?"

"तुम्ही दिलेल्या गोळ्या," वहिनी म्हणाली. "हनुवटीवर त्या दुखऱ्या पुळ्या यायच्या ना, त्यासाठी. सँपलच्या खणातून दोन पाकिटं दिलीत. रोज एक, जेवणानंतर."

डॉक्टरचं पेन थांबलं. त्या गोळ्या चालू असल्या की कातडी उजेडाला नाजूक होते. त्यावर लेझर मारायचं नसतं. हा प्रश्न कार्डावर याचसाठी छापलेला होता, आणि तो तिनं स्वतः छापून घेतला होता. परक्या पोरींना ती या गोळ्यांवरून महिनामहिना परत पाठवायची. वहिनीला मात्र खणातून काढून हातावर ठेवल्या होत्या, चालता चालता, काहीही न लिहिता. त्या दिवशी आपण इथं नव्हतो, हे वाक्य आता तिच्या काही कामाचं राहिलं नव्हतं.

"तुला माहीत होतं हे?" तिनं विचारलं.

"तेव्हा नव्हतं. पाकिटावरचं नाव ओळखीचं नव्हतं. चार महिन्यांनी कळलं. एका मुलीला तुम्ही याच गोळ्यांवरून परत पाठवलंत, तेव्हा कार्ड मीच भरत होते."

"मग बोलली का नाहीस, वहिनी? चार महिन्यांनी तरी?"

"कुठं बोलणार?" वहिनी म्हणाली. "कार्ड कुठं होतं माझं?"

डॉक्टरला रडू आलं. ते तिनं लपवलं नाही, नाक पुसलं आणि औषधाच्या रकान्यात गोळीचं नाव लिहिलं. पुढं 'कुणी दिली' असा रकाना होता. त्यात स्वतःचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहिला. चौकशी आता तिच्यावरही बसणार होती. हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं, आणि दादानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

मग डॉक्टरनं आईकडे पाहिलं. माईंना आता सुटायला जागा मिळाली होती. गोळ्यांनी झालं, हात बरोबर होता, असं त्या म्हणाल्या असत्या तर त्यात निम्मं खरंही होतं, आणि माईंना हातचा मुद्दा सोडायची सवय नाही. डॉक्टर त्याची वाटच बघत होती.

माई खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठल्या. गुडघे खरंच दुखत होते. टेबलापर्यंत आल्या.

"गोळ्या तुझ्या, हात माझा," त्या म्हणाल्या. "दोन्ही लिही."

डॉक्टरनं घटनांचं रजिस्टर पुन्हा उघडलं. ती एक कोरी ओळ पुरणार नव्हती, म्हणून मागचं घटनेचं पान काढलं. मागची तारीख घालायची नाही, आत्यांनी बजावलं. घटना कधीची आणि नोंद आजची, दोन्ही स्वच्छ लिहायचं, आणि उशीर का झाला तेही. डॉक्टरनं लिहिलं, घरातील व्यक्ती असल्याने कार्ड काढले नव्हते. लिहिल्यावर ते वाक्य तिनं पुन्हा वाचलं. यात काही चूक आहे असं आजवर या घरात कुणाला वाटलं नव्हतं.

उपचार करणाऱ्याचं नाव. माईंनी लग्नानंतरचं पूर्ण नाव सांगितलं, एकेक शब्द सावकाश.

"पात्रता?" डॉक्टरनं खालमानेनं विचारलं.

 या प्रश्नाला माईंनी आयुष्यभर वेगवेगळी उत्तरं दिली होती. अनुभव, हाताला यश, बायकांचा विश्वास. "काही नाही," त्या म्हणाल्या. "तसंच लिही. काही नाही."

दादा उठून बाहेर गेला. फोनवर तो कंपनीच्या माणसाला सांगत होता, की उद्या यायची गरज नाही. नाही, मशीनला काही झालेलं नाही. नाही, काही पुसायचं नाही. तीनदा सांगावं लागलं, कारण त्या माणसाला पटत नव्हतं. मग तो लेझरच्या खोलीचा दिवा घालवून, कुलूप लावून किल्ली घेऊन आला आणि ती अर्जाच्या कागदांवर ठेवली. मंगळवारी त्यांनी सील लावायचं ते लावतील, म्हणाला, आपलं आपण आधी बंद करू. बायकोच्या शेजारी पुन्हा बसताना त्यानं काहीतरी हळू आवाजात विचारलं. वहिनीनं मान हलवली, अजून ओढतं, थंडीत जास्त. त्याला हे माहीत नव्हतं. रोज एकाच खोलीत झोपून माहीत नव्हतं.

पानावर शेवटचा रकाना राहिला होता: रुग्णाचे म्हणणे, रुग्णाच्या शब्दांत. डॉक्टरनं पेन पुढं केलं. पंधरा वर्षं वहिनीनं याच पेनानं दुसऱ्यांचं म्हणणं लिहून घेतलं होतं, बायका बोलायच्या आणि ती भराभर उतरवायची. आता तिला वेळ लागला. रकाना चांगला सहा ओळींचा होता. आत्यांनी मुदत संपलेलं इंजेक्शन कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं, पिशवीचं तोंड बांधलं, पुन्हा येऊन उभ्या राहिल्या, तरी ती लिहीत नव्हती. मग तिनं एकच वाक्य लिहिलं, सही केली आणि पान डॉक्टरकडे सरकवलं.

माईंनी ते मध्येच उचललं. चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं: जळतंय, असं मी तीनदा म्हणाले.

 माईंनी पान खाली ठेवलं, सुनेसमोर, सरळ करून.

"चारदा," माई म्हणाल्या. "चारदा म्हणालीस तू."

वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पेन उचललं, 'तीनदा'वर एक आडवी रेघ मारली, वर 'चारदा' लिहिलं, आणि खाडाखोड केली की करावी लागते तशी शेजारी पुन्हा सही केली.